वारशात आलेला हिरा विकताना: भाव कसा ठरतो आणि कुठे कापला जातो

वारशात आलेल्या हिऱ्याबरोबर पुष्कळदा एक जुना मूल्यांकनाचा कागद येतो. त्यावरचा आकडा विक्रीची अपेक्षा धरायला वापरू नका. तो बहुधा विम्यासाठी काढलेला असतो. दागिना हरवला तर तसाच नवा दुकानातून घ्यायला किती पडतील, एवढंच तो सांगतो. त्यात दुकानदाराचा नफा, घडणावळ, कर सगळं आलं, आणि विम्याचं मूल्यांकन सढळ हातानंच केलं जातं. तुमचा हिरा घेणारा बहुतेक वेळा व्यापारी असतो. तसाच हिरा त्याला घाऊक बाजारात मिळतो, त्यामुळे घाऊक भावाच्या खालीच तो बोली लावणार. दुकानातल्या किमतीच्या साधारण २० ते ५० टक्के हाती पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. यात फसवणूक झालीच असं नाही. फसवणूक होते ती हिऱ्याची प्रत कमी सांगून, आणि त्याच्यावर उपाय आहे.

आधी घरी काय बघायचं

दागिना मागून उघडा आहे की बंद, हे पहिल्यांदा बघा. खूप जुन्या दागिन्यांत दगडामागे वर्ख लावून जडण बंद केलेली असते. असा दागिना पाण्यात घालू नका. वर्खाखाली ओल गेली की दगड कायमचा काळवंडलेला दिसतो. उघडी जडण असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, थोडा वेळ भिजवा आणि मऊ ब्रशनं मागच्या बाजूनं घासा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, त्यामुळे मेणचट झालेला दगड धुतल्यावर रंगानं उजळ दिसू लागतो. ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात मात्र घालू नका. दगड धरून ठेवणाऱ्या नख्या झिजलेल्या असतील तर तो सुटतो, आणि भेगा भरलेला हिरा असेल तर भरण खराब होऊ शकतं.

मग १० पट दाखवणारं भिंग घ्या. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि दागिना जवळ आणत नेमका दिसेपर्यंत हलवायचा. पैलूंच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. हिऱ्यासारखे दिसणारे दोन दगड नेहमी भेटतात. क्युबिक झिरकोनियाच्या कडा वापरानं बोथट होतात. मॉइसनाइट तिरक्या कोनातून पाहिलं तर मागच्या पैलूंच्या रेघा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरीच असतात. उष्णता मोजणाऱ्या साध्या टेस्टरवर विसंबू नका, कारण मॉइसनाइटही त्यात हिरा म्हणून पास होतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर खराखुरा हिराच असतो. तो भिंगानं किंवा साध्या टेस्टरनं वेगळा काढता येत नाही, त्याला प्रयोगशाळेची तपासणीच लागते. दागिना आजीच्या काळातला आहे म्हणून दगडही तेव्हाचाच, हे गृहीत धरू नका. मधल्या काळात दगड बदललेला असू शकतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत इतके उतरले आहेत, की पुनर्विक्रीत त्यांना फारच थोडं मिळतं.

गोल हिरा जडवलेला असतानाही वजनाचा अंदाज काढता येतो. मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, गुणिले उंची, गुणिले ०.००६१. म्हणजे ६.५ व्यास आणि ३.९५ उंचीचा हिरा साधारण १.०२ कॅरेट. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. हे सूत्र आधुनिक गोल काटासाठी, म्हणजे पैलू पाडायच्या आजच्या पद्धतीसाठी आहे. जुन्या, खोल दगडांत ते चुकतं.

भाव कसा बसतो

रंग डी (रंगहीन) पासून झेड (पिवळसर) पर्यंत, शुद्धता फ्लॉलेसपासून (निर्दोष) व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा पायऱ्यांनी आयपर्यंत (ठळक दोष), मग वजन आणि काट. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. व्यापारी मात्र यादीवर बोलतो. १९७८ पासून निघणारी रॅपापोर्टची हिऱ्यांच्या भावांची यादी हे त्याचं मोजमाप. तिच्यात वजनाचे गट, आणि प्रत्येक गटात रंग व शुद्धतेनुसार दर कॅरेटचा भाव शंभर डॉलरच्या पटीत असतो. यादीतला भाव हा वरचा मागणीभाव आहे; प्रत्यक्ष सौदे बहुतेक त्याच्या खाली होतात. म्हणून 'यादीच्या इतके टक्के खाली' अशी भाषा ऐकू येते. बोली लावणाऱ्याला विचारा: वजन किती धरलं, रंग कुठला, शुद्धता कुठली, आणि टक्के किती खाली? या चार आकड्यांशिवाय दोन बोलींची तुलनाच होत नाही. एकानं रंग एक पायरी खाली धरून टक्केवारी गोड दाखवलेली असते, दुसऱ्यानं रंग बरोबर धरून टक्के जास्त कापलेले असतात, आणि रक्कम जवळपास तीच निघते.

सगळ्यात जास्त पैसे वजनाच्या उंबरठ्यावर हलतात. ०.९७ आणि १.०१ कॅरेटचे हिरे नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, पण यादीत ते वेगळ्या गटात बसतात आणि दर कॅरेटचा भाव उडी मारतो. अशाच उड्या ०.५०, ०.७०, ०.९०, १.५० आणि २.०० ला असतात. जडवलेल्या दगडाचं वजन अंदाजाचं, म्हणून घेणारा सावधपणे ०.९५ धरतो. तुमचा दगड खरोखर १.०१ असेल तर नुसता मोकळा करून वजन केल्यानं बोली वर जाते.

उलटंही होतं. नखीखाली लपलेला टवका जुन्या अंगठ्यांत नेहमी सापडतो, कारण मार तिथेच बसतो. १.०२ चा दगड, कडेला टवका, तो काढायला पुन्हा पॉलिश करावं लागणार आणि पाच-सहा सेंट जाणार, म्हणजे दगड ०.९७ वर येणार. घेणारा आजच्या वजनाला पैसे देत नाही, दुरुस्तीनंतर उरणाऱ्या वजनाला देतो. तो हे बोलून दाखवेलच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

अतिनील दिव्याखाली निळं चमकणं हाही एक मुद्दा. डी ते एच रंगाच्या दगडात जोरदार निळी चमक असेल तर भाव कमी होतो; पिवळसर छटेच्या दगडाला तीच चमक थोडी फायद्याची ठरू शकते.

जुना काट: घाईनं बदलू नका

१९१९ मध्ये मार्सेल टॉल्कोव्स्कीनं गोल हिऱ्याची प्रमाणं गणितानं मांडली आणि त्यानंतर आजचा काट रुळला. त्याआधीच्या गोल, उंच माथ्याच्या, लहान टेबलाच्या (वरच्या सपाट पैलूच्या) दगडांना ओल्ड युरोपियन म्हणतात. उशीसारख्या चौकोनी गोलाईच्या दगडांना ओल्ड माइन. ओळखायची खूण सोपी आहे. वरून सरळ आत पाहिलं की मधोमध एक बारीक गोल खिडकीसारखी दिसते. दगडाचं खालचं टोक सपाट कापलेलं असल्यामुळे ती दिसते. 'आधुनिक काटात बदलून घ्या, भाव वाढेल' असा सल्ला मिळेल. बहुतेक वेळा तो ऐकू नये. बरंच वजन जातं, आणि जुन्या काटाला आज स्वतःचे शौकीन गिऱ्हाईक आहेत. फक्त घाऊक आधुनिक दगडांचा धंदा करणाऱ्याकडे नेलात तर तो 'बदलून किती उरेल' या हिशेबानंच भाव करेल. म्हणून जुन्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याची बोली नक्की घ्या.

प्रमाणपत्र केव्हा काढायचं

अर्ध्या कॅरेटच्या खालच्या दगडाला तपासणीचा खर्च सहसा परवडत नाही. एक कॅरेटच्या आसपास आणि वर मात्र जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) सारख्या कडक प्रयोगशाळेचा अहवाल स्वतःचा खर्च भरून काढतो. सैल प्रयोगशाळा तोच दगड एक-दोन पायऱ्या वर दाखवतात, पण व्यापारी ते जाणून असतो आणि तितकंच कापून बोलतो. जीआयए मोकळाच दगड तपासते, म्हणजे तो दागिन्यातून काढावा लागतो. काढताना मोडतोड झाली तर भरपाई कोणाची, हे आधी लिहून घ्या. पातळ कडेचा दगड नखी उचलताना तुटू शकतो. भेगा भरलेला किंवा लेसरनं छिद्र पाडलेला हिरा असेल तर तेही तपासणीत उघड होतं, आणि ते विक्रीआधी कळलेलं बरं.

बाजूचे बारीक हिरे सहसा लॉटच्या, म्हणजे एकगठ्ठा भावानं जातात. काही ठिकाणी त्यांचे पैसेच धरत नाहीत. धातूचे पैसे वेगळे मागा. ५८५ शिक्का म्हणजे १४ कॅरेट सोनं, ७५० म्हणजे १८, आणि ९५० बहुधा प्लॅटिनम. उलट, दागिने घडवणाऱ्या नामांकित पेढीची सही असलेला दागिना मोडून विकणं हा मोठा तोटा. तो अखंडच विका.

कोणाला विकायचा

रोख लगेच हवी असेल तर व्यापारी. मिळकत कमी, पण व्यवहार त्याच दिवशी संपतो. विक्रीसाठी दुकानात ठेवला तर रक्कम जास्त, पण महिनोन्महिने थांबावं लागतं. तिथे दुकानदाराचा टक्का, मुदत आणि विमा करारात हवा. लिलाव मोठ्या, दुर्मीळ किंवा सहीच्या दागिन्यांसाठी ठीक. पण तिथे विक्रेत्याचं कमिशन, छायाचित्र, विमा अशी वजाबाकी असते, आणि खरेदीदारालाही वर शुल्क पडतं, म्हणून तो हातोडीची बोली तेवढी कमीच ठेवतो. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, अवाजवी ठेवली आणि दगड विकला गेला नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकाला ते कळतं.

मूल्यांकन अशा माणसाकडून करून घ्या जो हिरा स्वतः विकत घेणार नाही, आणि त्याची फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्क्यांत नको. मग किमान तीन लेखी बोली, शक्यतो एकाच आठवड्यात. आधीची बोली कुणालाही सांगू नका.

दगड सोडून जायची वेळ आली तर वजन, माप आणि शक्य तर दोषांचा नकाशा लिहिलेली पावती घ्या. 'एक हिऱ्याची अंगठी' एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. कडेवर लेसरनं कोरलेला अहवालाचा क्रमांक असेल तर देताना आणि घेताना दोन्ही वेळा भिंगाखाली वाचा.

वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या, कारण सावध खरेदीदार ती मागतोच. करासाठी वारसा मिळाल्या दिवशीची किंमत लागते की मूळ खरेदीची, हे देशागणिक बदलतं. दोन्हींचे कागद जपून ठेवा. आणि बँकेत पैसे प्रत्यक्ष जमा झालेले दिसेपर्यंत दगड हातातून सोडू नका. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला तरीही.