कोंबड्यांना देवी आल्या? या चुका टाळा

पोळा आटोपला की माझ्या फोनवर कोंबड्यांच्या तुऱ्यांचे फोटो येऊ लागतात. खाली ठरलेला प्रश्न: "ताई, कोणतं इंजेक्शन मारू?" तुऱ्यावर, पापणीवर, चोचीच्या कडेला आधी पांढुरके फोड, मग पिवळसर, मग चामखिळीसारखी काळपट खडबडीत खपली दिसत असेल तर ती देवी, म्हणजे फाऊल पॉक्स. हा विषाणूचा आजार आहे. त्याला मारणारं इंजेक्शन नाही. पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरांच्या-कोंबड्यांच्या आजारपणात मदत करणारी बाई, म्हणून दारोदार हेच सांगून माझा घसा बसला, म्हणून लिहून टाकते.

खपली खरवडणं. माझ्या डोक्यात जाणारी ही पहिली चूक. गावातल्या एका काकूंकडे खुराडंभर गावरान कोंबड्या होत्या. दोन-तीन कोंबड्यांच्या तुऱ्यावर खपल्या आल्या. कोणीतरी सांगितलं, खरवडा आणि चुना लावा. पोरानं दाढीचं ब्लेड घेतलं आणि साऱ्या कोंबड्या एका रांगेत "साफ" केल्या. भांडणात चोच लागून नुसती जखम झालेल्यांनाही त्याच ब्लेडनं खरवडलं. मी गेले तर काकू खुशीत: "पाय ना ताई, कशी चकचकीत झाली!" तुऱ्यातून रक्त ओघळत होतं, माश्या बसत होत्या, आणि झाडलेल्या खपल्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या उकिरड्यावर. तिथंच कोंबड्या दिवसभर उकरत होत्या.

देवीचा विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरत नाही, त्याला जखम लागते. ती ब्लेडनं करून दिली. वाळलेल्या खपलीत तो महिनोन् महिने जिवंत राहतो, तोही उकिरड्यावर पेरून झाला. आठवडाभरात चांगल्या कोंबड्याही देवीच्या फोडांनी फुलल्या. दिवाळीच्या आसपास खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लंही त्यातच गेली. काकू अजून म्हणतात, चुना कमी पडला.

मी काय करते? कोरड्या खपलीला हातच लावत नाही. कडा ओल्या दिसल्या तर कापसाच्या बोळ्यानं पातळ केलेलं आयोडीन, नाहीतर खोबरेल तेलात हळद. प्रत्येक कोंबडीला नवा बोळा, वापरलेला चुलीत. दोन ते चार आठवड्यांत खपली आपोआप गळते. तेवढा धीर नसेल तर कोंबड्या पाळूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जळकं ऑइल, रॉकेल लावणाऱ्यांशी मी आता वादही घालत नाही.

नुसता तुरा पाहणं. देवीचा दुसरा प्रकार तोंडात होतो. वरून कोंबडी स्वच्छ दिसते, पण मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घेते. लोक म्हणतात सर्दी झाली. चोच उघडून उजेडात धरा. जिभेवर, टाळ्याला, घशाशी पिवळट, चीजसारखा घट्ट थर दिसला तर ही ओली देवी. तो थर ओरबाडला तर खालून रक्त येतं, आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी असेल तर कोंबडी गुदमरते. इथं घरगुती हात चालवू नका, पशुवैद्यकाकडे न्या.

नारंगी पुडी, म्हणजे दुकानातली प्रतिजैविकाची पावडर, पाजणं. प्रतिजैविकानं विषाणू मरत नाही. जखमेत पू झाला, डोळा चिघळला तर त्याचा उपयोग आहे, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. सरसकट पाण्यात कालवून दुकानदाराचं भलं करू नका.

आंधळ्या कोंबडीला उपाशी ठेवणं. पापण्यांवर फोड आले की डोळे चिकटतात. कोंबडीला दाणा दिसत नाही, आणि ती देवीनं नाही, भुकेनं जाते. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं डोळा भिजवून हळूच सोडवा. वेगळ्या डाल्याखाली ठेवा. भिजवलेली कणी किंवा ज्वारीचं कालवलेलं पीठ हातानं चारा, चोच पाण्यात बुडवून पाणी पाजा. सकाळ-संध्याकाळ. मी जेवढ्या कोंबड्या वाचलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक अशाच वाचल्या.

लस पाण्यातून पाजणं. ही माझी दुसरी आवडती चीड. लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, पाण्यातून देता येते, म्हणून लोक देवीचीही लस भांड्यात ओततात. एका गावात बचत गटाच्या बायकांनी पैसे जमवून कुपी आणली, मोटारसायकलच्या डिकीत, उन्हात, बर्फाशिवाय. दुकानदार म्हणाला पाण्यात टाका, त्यांनी टाकली. पावसाळ्यात देवी आल्या, आणि गावभर बोंब: "लस खोटी!"

देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात दुहेरी सुईनं टोचतात, शीर आणि पीस वाचवून. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की. कुपी बर्फात आणायची, कालवल्यावर साधारण दोन तासांत संपवायची, उरलेली उकळून टाकायची, कारण ती जिवंत विषाणूची असते. एका कुपीत खूप मात्रा असतात, म्हणून मोहल्ल्यातल्या साऱ्या कोंबड्या एका संध्याकाळी गोळा करते. सात ते दहा दिवसांनी पंख उलटून बघते. टोचल्या जागी गाठ किंवा खपली दिसली तर लस लागली. नसेल तर पुन्हा टोचायची. ही तपासणी कोणीच करत नाही!

रोग नुकताच शिरला असेल, दोन-चारच कोंबड्यांना फोड असतील, तर बाकी निरोग्यांना लगेच टोचून घ्यावं. देवी कळपात हळूहळू पसरते, तेवढी सवड मिळते. मानमोडी मात्र अशी सवड देत नाही.

डास विसरणं. देवी डासांतून पसरते. उन्हाळ्यातला कूलर मागच्या दारी तसाच पडलेला, टाकीत हिरवं पाणी, शेजारी खुराडं. हे चित्र नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत. टाकी उलटी करा. मोरीचं पाणी वाहतं करा. कडुनिंबाचा धूर करायचा तर बाहेर, बंद खुराड्यात नाही.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. झुंजीवरून आलेला कोंबडा तर मुळीच नको; जखमा घेऊनच येतो.

माणसाला ही देवी होत नाही, अंडी बिनघोर खा. मेलेली कोंबडी मात्र उकिरड्यावर फेकू नका, चुना टाकून खोल पुरा. चुना तिथं लागतो, तुऱ्यावर नाही.