१९३९ चा रुपया खरा की आकडा बदललेला?

आजोबांच्या डब्यातला सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणूनच १९३८ च्या ‘८’ चा डावा खालचा भाग खरवडून ‘९’ केलेली नाणी फिरतात. दहापट भिंग घ्या आणि दिव्याचा उजेड बाजूने, तिरपा पाडा. खरवडलेल्या जागी मैदान (आकड्याभोवतीचा सपाट भाग) किंचित खोलगट दिसतं, बारीक ओरखडे एकाच दिशेने जातात आणि तेवढाच भाग वेगळा चमकतो. शेपटीची जाडी शेजारच्या ‘९’ शी ताडून पाहा. आकडा चिकटवलेला असेल तर मुळाशी काळसर रेघ दिसते.

कड जरूर तपासा. १९३९ ला साधे उभे दाते असतात. १९४० पासून चांदी निम्मी आणि कडेला सुरक्षा-खाच, म्हणजे दात्यांच्या मधोमध गोल फिरणारी खोबण, आली. तशी खाच दिसली, तर आकडा काहीही म्हणो, नाणं १९३९ चं नाही. वजन ११.६६ ग्रॅम, झिजल्यावर थोडं कमी. पण ८ चा ९ झाल्यावर वजन जवळपास तेच राहतं, त्यामुळे काट्यावर विसंबू नका.

तपासणीआधी चिंच किंवा पितांबरी मात्र लावू नका. काळपटपणा गेला की खरवडल्याची खूणही जाते, शिवाय किंमत पडते.