मूल दत्तक घेतलंय? चवथीला (गणेशचतुर्थीला) तुमच्या गावच्या मूळ घरी नेण्याआधी या चुका टाळा

पाच-सहा वर्षांचं मूल दत्तक घरी आलं की पहिले काही आठवडे सगळे खूश असतात. मूल सांगितलेलं ऐकतं, ताट स्वच्छ करतं, विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. ‘किती गुणी गो!’ म्हणत आजी दृष्ट काढते. खरं तर ते पाहुण्यासारखं वागत असतं. पुढे ते वस्तू फेकतं, खोटं बोलतं, अंथरूण ओलं करतं आणि घरचे म्हणतात, बिघडलं. बिघडलेलं नसतं. आपण कसेही वागलो तरी ही माणसं आपल्याला ठेवून घेतात का, हे ते तपासत असतं.

सर्वांत वाईट चूक याच दिवसांत होते, तीही चेष्टेत: ‘असं वागलास तर परत सोडून येईन हां!’ घरात जन्मलेलं मूल यावर हसेल. याच्या बाबतीत ते एकदा घडून गेलंय. आजोबांपासून कामाला येणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना हे वाक्य बंद. रागवायचं तर रागवा, पण खोलीत एकटं कोंडू नका, जवळ बसा.

उशीच्या अभ्र्यात अर्धी पोई (गोव्याचा पाव), चार बिस्किटं सापडतात. मुंग्या लागलेल्या असतात, आई वैतागते आणि ‘चोरी’ हा शब्द घरात येतो. संस्थेत खाणं वेळेवर पण मोजून मिळतं. त्याआधी कदाचित तेही नसेल. त्याच्या हाताला येईल अशा फळीवर त्याचा स्वतःचा डबा ठेवा. कधी खाल्लंस, किती खाल्लंस, विचारू नका. रिकामा झाला की मुकाट्यानं भरा. साठवण हळूहळू कमी होते. कपाटाला कुलूप लावलंत तर वाढते.

दत्तकासाठीची नोंदणी देशभर एकच असल्यामुळे गोव्यातल्या घरात झारखंडचं किंवा ओडिशाचं मूलही येऊ शकतं. त्याच्या ताटात पहिल्याच दिवशी हुमण (माशांची आमटी) वाढून ‘गोंयकार व्हायचं तर नुस्तं (मासे) खायलाच हवं’ असा आग्रह मामानं धरू नये. डाळभात-बटाटा चालू द्या.

आता चवथ. मूळ घरात तीस-चाळीस माणसं, त्यात ‘हाच का तो?’ म्हणणाऱ्या काकी आणि ‘नशीब काढलंस बाबा’ म्हणणारे काका. (हे काका प्रत्येक घरात असतात.) उपकाराची भाषा मुलाला बरोबर कळते. आठ-पंधरा दिवस आधी, घर शांत असताना एकदा नेऊन आणा. खोल्या, विहीर, न्हाणीघर दाखवा. सणाच्या दिवशी पाया पडायच्या रांगेत उभं करण्यापेक्षा काम द्या. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना खालून आंबाडे, नारळ, सुपारीचे घड हातात द्यायला कोणीतरी लागतंच. कामातल्या मुलाला लोक प्रश्नही कमी विचारतात.

त्याच मुहूर्तावर नवं नाव ठेवायचा घाट घालू नका. जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुमची नावं लागतातच. हाकेचं नाव त्याचं त्याला राहू द्या. ‘आई म्हण’ हा हट्टही नको. संस्थेतल्या सवयीनं मूल ‘दीदी’ म्हणेल, तर ओ द्या.

तान्हं बाळ आणलेली घरं वेगळी चूक करतात: लपवतात. गावात काही लपत नाही. शाळेच्या बसमध्ये कुणीतरी बोलतंच. शिवाय 18 पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. पहिल्यापासून सांगत राहा, गोष्टीसारखं.

‘घराला वाटेकरी आणलात’ ही कुजबुज होणारच, मूळ घरांच्या वाटण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतात. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे दत्तक आदेशानंतर ते सर्वार्थानं तुमचं मूल, वारसाहक्कासकट. 1 सप्टेंबर 2022 पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात. नातेवाईकांना एकदा सांगा, मुलाच्या माघारी.

आणि दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, पाठपुराव्याला समाजसेविका येते. तिला चहा-चकली देऊन ‘सगळं छान’ म्हणू नका. ओलं अंथरूण, उशीतली पोई, तुमचा संताप, सगळं सांगा; समुपदेशनाची सोय तिच्याकडूनच होते.