मुरगळलेला घोटा पुन्हा दगा देऊ नये म्हणून

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून उतरताना ओल्या दगडावर माझा पाय मुरगळला. महिन्याभरात दुखायचा थांबला, मीही व्यायाम सोडला. मग एका संध्याकाळी तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाकाठच्या रस्त्यावर, जेमतेम बोटभर वर आलेल्या पेव्हर ब्लॉकवर तोच पाय पुन्हा वळला. दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला, असं कृपया समजू नका.

उतारावर पाय जास्त का मुरगळतो, ते चांगल्या पायावर करून पाहा. पंजा वर ओढून टाच हाताने डावी-उजवी हलवा, मग चवडा खाली सोडून हलवा. दुसऱ्या वेळी सांधा सैल लागतो. घोट्यातलं टॅलस नावाचं हाड पुढून रुंद, मागून अरुंद असतं. पंजा वर असताना रुंद भाग नडगीच्या हाडांमधल्या खाचेत घट्ट बसतो. उतरताना चवडा खाली गेला की खाचेत अरुंद भाग येतो. त्याच क्षणी पाऊल आत वळलं, तर भार बाहेरच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, पडतो. त्यातलं पुढचं सगळ्यात कमजोर, आणि बहुतेकदा तेच आधी फाटतं.

मुरगळल्यावर आधी हाड तपासा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत दाबा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर येणारा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही दाबा. यांपैकी कुठेही हाड दुखलं, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढाच. मोठ्या माणसांसाठीची ही तपासणी कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 साली मांडली.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर, आणि टॉवेलमधून 15-20 मिनिटं बर्फ. घरातलं कुणी मायेने तेल लावून चोळायला बसेल. त्यांना थांबवा, चोळल्याने सूज वाढते. सोसवेल तसा भार टाकायला लागा. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा.

यापुढचं काम बहुतेक जण सोडतात, मीही सोडलं होतं. लिगामेंट नुसती दोरी नाही. पाऊल किती वळलंय याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतू तिच्यात असतात. ती फाटली की खबर उशिरा पोचते, आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल सावरायला वेळेवर धावत नाहीत. लंडनचे अस्थिरोगतज्ज्ञ फ्रीमन यांनी 1965 सालीच हे मांडलं आणि तोल सावरण्याचे व्यायाम सुचवले.

म्हणून दुखणं सोसवेनासं होत नाही ना, हे पाहून रोज त्या पायावर 30 सेकंद उभे राहा. मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याजवळ उभा राहतो, हात ओट्यापासून वीतभर. घोट्याखालचे स्नायू थरथरताना दिसतात. ते थरथरणं म्हणजेच शिकणं. आठवड्याने डोळे मिटून, मग घडी घातलेल्या चादरीवर. जोडीला रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकला. निदान सहा आठवडे खंड पडू देऊ नका. खेळात परतताना सुरुवातीला ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, घाला. काही महिन्यांनीही पाय अचानक निसटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

चालण्याचाही क्रम ठेवा: आधी उपवन तलावाची सपाट फेरी, मग स्टेशनच्या पुलाचे जिने कठडा धरून, आणि येऊरचा उतार सगळ्यात शेवटी, कोरडा असताना.