मलावीच्या खेड्यात व्हॉलंटियर म्हणून येताय? मग हे आधी वाचा

पुण्या-मुंबईहून, कधी लंडन-दुबईहून आपली मराठी मुलंमुली इकडे मलावीत एखाद्या संस्थेबरोबर सहा महिने-वर्षभर काम करायला येतात, आणि निघायच्या आधी फोन येतो, काकू काय काय आणू? मी लग्न होऊन इकडे आले ती आता इथलीच झालेय, झोम्बाच्या बाजूला असतो आम्ही, तर सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते.

आधी तब्येतीचं. बहुतेक जण अदिस अबाबा नाहीतर नैरोबीवरून येतात, आणि ते देश यलो फीव्हरच्या यादीत आहेत, त्यामुळे परत मुंबईत उतरलात की पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, मागू शकतात. लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून तिकडूनच सुरू करून या, मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, व्हायरल असेल म्हणून क्रोसिनवर दिवस काढायचे नाहीत, इथला मलेरिया जीव घेतो. घरी परत गेल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना मलावीचं नाव सांगा. लेक मलावी बघून उडी मारावीशी वाटणारच, पण किनाऱ्याच्या पाण्यात गोगलगायींमुळे बिल्हार्झिया नावाचा जंतांचा आजार होतो, पोहलात तर नंतर तपासून औषध घ्यायचं.

आता कामाचं. गावात गेल्या गेल्या फळा-खडू काढून मीटिंग घेऊ नका. आधी गावच्या चीफकडे जायचं, त्यांच्या वर ग्रुप व्हिलेज हेडमन असतो, त्याच्याही वर टी.ए. म्हणजे ट्रॅडिशनल अथॉरिटी. त्यांना न भेटता सुरू केलेलं काम गाव आपलं मानतच नाही. इथली चिचेवा भाषा थोडी तरी शिकून या, सकाळी 'म्वाड्झुका ब्वांजी', एरवी 'मुली ब्वांजी', आणि थँक्यूला 'झिकोमो'. रामराम झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, मग कितीही घाई असो. हात मिळवताना डावा हात उजव्या हाताच्या कोपराशी धरायचा. मुलींनो, चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, बाजारात पहिल्याच दिवशी घ्या आणि गावात जीन्सवरून गुंडाळा. गावात मयत झालं की त्या दिवशी सगळं काम बंद, आणि तुम्हीही जायचं, बायकांमध्ये जमिनीवर बसायचं, काही बोलता आलं नाही तरी चालेल. लोक ते लक्षात ठेवतात.

जानेवारी-फेब्रुवारीत मीटिंगला माणसं येत नाहीत म्हणून नवीन मुलं वैतागतात, ह्यांना पडलेलीच नाही म्हणतात. असं नाहीये हो. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, मका निघतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे हे महिने घरातला मका संपलेला असतो आणि माणसं पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतात गान्यूला, म्हणजे रोजंदारीला गेलेली असतात. ट्रेनिंग वगैरे जूननंतर ठेवा.

मी स्वतः पाण्याच्या कामात आहे त्यामुळे हापशाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे गावोगाव आफ्रिडेव्ह हापसा दिसेल, आपल्याकडचा इंडिया मार्क टू (जो आपल्या सोलापूरच्या पंपावरून पुढे आला) त्याचा हा चुलतभाऊ म्हणा. ह्याची खुबी अशी की दुरुस्तीला पूर्ण पाइपलाइन वर काढावी लागत नाही. आमच्या इथल्या गावच्या पाणी समितीच्या बायका एका पान्याने झाकण उघडतात, रॉड एकेक करून वर ओढतात, ते हुकाला हुक अडकवलेले असतात म्हणून हातानेच सुटतात, शेवटी पिस्टन येतो, त्यावरचं झिजलेलं रबरी यू-सील काढून नवीन घालतात की पाणी सुरू. दुपारच्या आत काम होतं. पण ते सील आणायला समितीच्या डब्यात पैसे हवेत आणि जवळच्या दुकानात माल हवा. बहुतेक बंद हापसे ह्याच दोन गोष्टींवर अडलेले असतात, आणि देणगीवाल्यांना मात्र नवीन बोअर मारून फोटो हवा असतो. तुम्ही सहा महिन्यांसाठी येताय ना, तर बंद हापशांची यादी करा, समितीच्या वहीतला हिशोब नीट लागतो का बघा, स्पेअर पार्ट कुठे मिळतात ते शोधा. आणि स्वतःच्या खिशातून सील आणून देऊ नका, कितीही वाटलं तरी. पुढच्या वेळी गाव तुमचीच वाट बघत बसेल आणि तोवर बायका पुन्हा ओढ्यावर.

आपल्याला इथे 'अम्वेन्ये' म्हणतात, आणि म्वेन्ये म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दुकानदार शेठ येतो, त्यामुळे सुरुवातीला अंतर ठेवून बोलतील. त्यांच्यात बसून जेवा, खरंच फरक पडतो. एन्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, हाताने खायचं, सोबत भोपळ्याचा पाला नाहीतर बीन्स, शाकाहारी माणसाचं निभतं. दक्षिणेत तूर खूप पिकते आणि त्यातली बरीच भारतात जाते, 2017 मध्ये भारताने आयातीवर कोटा लावला तेव्हा इथले भाव कोसळले, शेतकरी अजून तो विषय काढतात, शांतपणे ऐकून घ्या.

सामानात हेडलॅम्प, पॉवर बँक, छोटा कुकर आणि गोडा मसाला. डाळ-तांदूळ-पीठ ब्लँटायर शहराच्या लिंबे भागात आणि राजधानी लिलाँग्वेच्या एरिया टूमध्ये गुजराती दुकानांत मिळतं. प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा. सिम एअरटेल किंवा टीएनएमचं, मोबाइल मनी लगेच सुरू करून घ्या, खेड्यात एटीएम नाही. परमिट संस्थेनेच काढायचं असतं, टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू असं कोणी म्हणालं तर तिकीट काढू नका.