बस्त्यातला सूट इंटरव्ह्यूला? या चुका टाळा

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे मी सरावाचे इंटरव्ह्यू घेतो. दरवर्षी दोन-तीन मुलं थोरल्या भावाच्या लग्नातला सूट घालून येतात. चमकणारं कापड, मरून रंग, लॅपलला, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कडेला, सॅटिनची पट्टी. मुलगा हुशार असतो, सूट घरच्यांनी मायेनं दिलेला असतो, पण तो त्यात अवघडून बसलेला असतो. आपल्याकडे सूट शिवला जातो तो बस्त्याच्या वेळी, एका दिवसासाठी, उभं राहून फोटो काढायला. कामाच्या ठिकाणी मात्र तो घालून तासन् तास बसायचं, लिहायचं, समोरच्याशी बोलायचं असतं. पुढच्या बहुतेक चुका या फरकातून येतात.

खांदा सैल घेणं

सगळ्यात महाग चूक हीच. ‘जरा मोठाच घे, पुढं अंग भरंल’ असं सांगणारं कुणीतरी वडीलधारं सोबत असतंच. शाळेच्या गणवेशाला ते ठीक होतं, कोटाला नाही. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथंच संपली पाहिजे. ओळखायचं कसं? भिंतीला कड देऊन उभे राहा आणि हळूच भिंतीकडे कला. दंडाच्या आधी कोटाचं पॅड भिंतीला लागून दबलं, तर खांदा मोठा आहे.

कंबर आत घेणं, बाही आखूड करणं, पँटची उंची कमी करणं ही टेलरची रोजची कामं. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवा, पॅड काढा, पुन्हा कापा, पुन्हा बसवा. खर्च फार, आणि बाही पूर्वीसारखी बसेलच असं नाही. म्हणून कापड पेठेत तयार सूट बघताना आधी खांदा बघा, रंग आणि किंमत त्यानंतर. खांद्यात बसत नसेल तर निम्म्या किमतीत मिळाला तरी सोडून द्या. उसाच्या बिलातून बाजूला काढलेले पैसे असतात हे; ते चुकीच्या खांद्यावर जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

माप देताना श्वास रोखणं

शिवून घेणार असाल तर साधारण सव्वातीन मीटर कापडात टू-पीस, म्हणजे कोट आणि पँट, होतो. माप देताना पोट आत ओढू नका, नेहमी उभे राहता तसेच राहा. सूटवर जो शर्ट आणि जे बूट घालणार तेच घालून जा, कारण पँटची उंची बुटावर ठरते. आणि कच्च्या टाक्यावर ट्रायल मागाच. ती मागायला मुलं संकोचतात, पण चूक दुरुस्त करायची खरी वेळ तीच असते. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराईत टेलरला उसंत नसते, त्यामुळे तीन आठवडे तरी हाताशी ठेवा.

ट्रायलला आरशात हे बघा. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. बाजूच्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, असेल तर तो सोडवता येतो. मानेमागे कोटाची कॉलर शर्टापासून सुटून उभी राहत असेल तर तेव्हाच सांगा. हात सोडल्यावर बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा. तो दिसत नसेल तर बाही लांब आहे.

हाफ शर्टवर कोट

यावरून मी मुलांशी वाद घालतो. ‘सर, उन्हाळा आहे’ हे उत्तर ठरलेलं. सांगलीचा एप्रिल मला माहीत आहे, पण हाफ शर्टवर कोट घातला की मनगट उघडं पडतं, बाहीचं अस्तर घामानं अंगाला चिकटतं आणि कोट काढला की टाय विचित्र दिसतो. उपाय कापडात शोधा. जाड पॉलिएस्टर घाम कोंडून ठेवतं. पातळ टेरीवूल (पॉलिएस्टर-लोकर मिश्र कापड) आणि पाठीला अर्धंच अस्तर घेतलं तर पुष्कळ फरक पडतो. रंग गडद निळा किंवा गडद करडा घ्या.

नव्या कोटाचे टाके तसेच ठेवणं

मागच्या कटावरचा फुलीचा टाका आणि बाहीवरचं कंपनीचं लेबल दुकानातून घरापर्यंत येण्यासाठी असतं. घालायच्या आधी दोन्ही काढा. दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटण उघडंच ठेवायचं; बसताना वरचंही काढायचं, उठताना लावायचं. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकावं. बूट आणि पट्टा एकाच रंगाचे, मोजे गडद आणि बसल्यावर पोटरी दिसणार नाही इतके लांब. मोबाइल, किल्ल्या, फुगलेलं पाकीट बॅगेत ठेवा.

कोट घालून गाडी चालवणं

तासगावहून गाडीवर किंवा एसटीनं येणाऱ्या मुलाच्या कोटाची पाठ पोहोचेपर्यंत चुरगळते. कोट घरून घालून निघू नका. एक खांदा उलटा करा, दुसरा त्यात बसवा, अस्तर बाहेर ठेवून उभी घडी घाला आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. पोहोचल्यावर झटकून घाला.

घरी धुणं, प्लॅस्टिकमध्ये ठेवणं

2019 च्या महापुरानंतर सांगलीत कित्येक घरांत ओले कपडे बादलीत भिजवले गेले, त्यात कोटही होते. कोटाच्या छातीत आतून डिंकानं चिकटवलेलं फ्युजिंग, म्हणजे आकार धरून ठेवणारं अस्तरासारखं कापड, असतं. पाणी किंवा फार गरम इस्त्री लागली की ते सुटतं आणि कापडावर फुगे येतात. ते सहसा जात नाहीत. म्हणून ड्रायक्लीनच करा, तेही कोट-पँट एकत्र, नाहीतर दोन्हींच्या छटा वेगळ्या होतात. इस्त्री करताना वर ओलं सुती फडकं टाका, म्हणजे कापडाला चकाकी येत नाही.

साताऱ्याकडे पावसाळा जोरदार. ड्रायक्लीनच्या प्लॅस्टिक पिशवीत कोट तसाच टांगून ठेवला तर आत दमट होऊन बुरशी धरते. घरी आल्याबरोबर ती पिशवी काढा, रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर कोट लावा आणि वरून जुन्या धोतराची किंवा चादरीची सुती खोळ घाला. उघडीप मिळाली की सावलीत तासभर वारा द्या.