प्लॅन वाचून दाखवता आला पाहिजे: मुंबईतील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून राहत्या इमारतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झालेली असतात, विकासकाचा माणूस गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रके वाटून गेलेला असतो आणि शेजारचे काका प्लॅनची झेरॉक्स पुढे करून म्हणतात, "तू आर्किटेक्चरला आहेस ना, जरा बघून सांग, आम्हाला खरेच किती जागा मिळणार?" बहुतेक विद्यार्थी हा प्रश्न टाळतात, कारण स्टुडिओतली रचना आणि हा कागद यांचा संबंध त्यांना लागत नाही. माझ्या मते वास्तुविशारदाच्या सामाजिक नेतृत्वाची सुरुवात या प्रश्नाचे मराठीत, नीट आणि निःपक्षपातीपणे उत्तर देण्यापासून होते, आणि व्यवसायाची बरीचशी तयारीही त्या ओघात होऊन जाते.

पहिले काम जागा निवडण्याचे. दर आठवड्याला सहज जाता येईल अशी एकच जागा घ्यावी: स्वतःची चाळ, मामाची सोसायटी, जवळचे गावठाण किंवा कोळीवाडा. थिसिसला उठून दिसते म्हणून धारावी निवडण्याचा मोह आवरावा; तेथे विद्यार्थ्यांची ये-जा पुष्कळ आहे आणि आपण सादरीकरणानंतर परत जाणार नाही, हे तेथील रहिवाशांना आपल्याआधीच ठाऊक असते. चाळ कमिटीची किंवा सोसायटीच्या कार्यकारिणीची परवानगी घेऊनच मोजमाप सुरू करावे आणि विचारल्याशिवाय घराच्या आतले छायाचित्र काढू नये.

मोजमाप करताना केवळ भिंती मोजून थांबू नये. वरळी किंवा नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे. आकड्यांत हा सरळ फायदा दिसतो आणि तो आहेही. परंतु त्या १६० फुटांच्या जोडीला सामाईक गॅलरी, जिना, चौक आणि उघडे दार असते; पापड तेथे वाळतात, मुले तेथे अभ्यास करतात, दहीहंडी आणि गणपती तेथेच होतात. म्हणून एकाच मजल्याचे १:५० प्रमाणातले तीन प्लॅन काढावेत, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहाचे, आणि त्या त्या वेळी कोण कोठे असते, मोरीचा वापर कसा होतो, पोटमाळ्यावर काय ठेवले आहे, हे प्रत्येकावर नोंदवावे. दुपारची भेट चुकवू नये, कारण घराचा खरा वापर ज्यांना माहीत असतो त्या बायका रात्रीच्या सभेत क्वचितच बोलतात. हे प्लॅन पुढे विकासकाच्या वास्तुविशारदासमोर ठेवले की चर्चा "किती फूट" या एका मुद्द्यावरून पुढे सरकते.

त्यानंतर नियम. मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याचा प्रयत्न करू नये. त्यात सेमिस्टर निघून जाईल. आपली इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर ३३(७), समूह पुनर्विकास असेल तर ३३(९) आणि झोपडपट्टी पुनर्वसन असेल तर ३३(१०), एवढे विनियम आधी वाचावेत. सहकारी गृहनिर्माण संस्था असल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील पुनर्विकासाचे निर्देश वाचावेत. प्रकल्प सल्लागार कोणी नेमायचा, व्यवहार्यता अहवाल कधी मागायचा आणि विकासकाची निवड कोणत्या सभेत, कोणाच्या उपस्थितीत करायची, हे तेथे क्रमाने दिलेले आहे. चटई क्षेत्राची (कार्पेट एरियाची) व्याख्या मात्र पाठ असावी. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार त्यात घराच्या आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरले जात नाहीत. सभेतले निम्मे भांडण कार्पेट आणि बिल्ट-अप (बाहेरच्या भिंतींसह धरलेले क्षेत्र) यांच्या गोंधळातून उभे राहते आणि ते मिटवण्यास एक स्वच्छ आकृती पुरते.

आता समजावून सांगण्याचे काम, ज्याकडे महाविद्यालयात सर्वांत कमी लक्ष दिले जाते. महाविद्यालयातल्या ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, जी भाषा चालते ती चाळीच्या चौकात चालत नाही. प्रक्षेपकावर थ्रीडी चित्रे दाखवण्यापेक्षा प्रस्तावित घराचा प्लॅन चौकात चुन्याने प्रत्यक्ष मापाचा आखावा आणि लोकांना त्यात फिरू द्यावे. कपाट कोठे बसेल, आजीचा पलंग ठेवल्यावर दार उघडेल का, स्वयंपाकघरात दोघींना उभे राहता येईल का, हे लोक स्वतःच मोजू लागतात, आणि कागदावर मान डोलावणारी माणसे तेथे हरकत घेऊ लागतात. त्या हरकती लगेच लिहून घ्याव्यात. "हे शक्य नाही" असे तत्काळ सांगू नये. तसेच आपण जे करून देऊ शकणार नाही त्याचे आश्वासनही देऊ नये.

इमारतीच्या पलीकडचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ मैदानावरचे आरक्षण बदलणे किंवा गावठाणातून रस्ता काढणे, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील हरकती व सूचनांचा मार्ग वापरावा. सूचना प्रसिद्ध झाल्यावर मुदत थोडी असते, म्हणून पत्राचा मसुदा साधा ठेवावा: नगर भूमापन क्रमांक, आराखड्यात काय दाखवले आहे, जागेवर प्रत्यक्षात काय आहे, नेमका कोणता बदल हवा, आणि सोबत एक मोजलेला नकाशा. हा मार्ग निष्फळ आहे असे म्हणणाऱ्यांनी १९६४ साल आठवावे. महापालिकेने विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला तेव्हा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची पर्यायी कल्पना मांडली; त्या शहरासाठी, म्हणजे आजच्या नवी मुंबईसाठी, १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. अलीकडे, २०१५ मध्ये, मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा नागरिकांच्या तीव्र आक्षेपांनंतर फेरतपासणीसाठी परत गेला. सर्वच पत्रांना असे यश येत नाही हे उघड आहे, पण मोजलेला नकाशा जोडलेले पत्र बाजूला सारणे अधिकाऱ्याला अवघड जाते.

येथे कायद्याची एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवावी. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तोपर्यंत सभेत आणि पत्रावर "वास्तुकलेचा विद्यार्थी" किंवा "विद्यार्थिनी" असेच लिहावे. नोंदणीनंतर १९८९ चे व्यावसायिक आचारविषयक विनियम लागू होतात आणि काम मिळवण्यासाठी दलाली देणे-घेणे त्यांनुसार निषिद्ध आहे. माझे मत याहून कडक आहे: ज्या इमारतीत आपण रहिवाशांना सल्ला दिला तेथे विकासकाकडून एक रुपयाचेही काम घेऊ नये, मग ते केवळ थ्रीडी चित्रांचे का असेना. मुंबईत अशी गोष्ट लपत नाही.

प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी कार्यालय निवडताना नावाजलेल्या स्टुडिओच्या मागे सगळे धावतात. संधी मिळाली तर जरूर जावे, परंतु काही महिने तरी महापालिकेच्या मंजुऱ्यांचे काम करणाऱ्या कार्यालयात काढावेत. आयओडी (आराखड्याची सशर्त मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (वापराचा दाखला) यांच्या फायली कशा हलतात हे जवळून पाहिलेला तरुण पुढे लोकांना खरी मुदत सांगू शकतो. लायझनिंगला, म्हणजे मंजुऱ्यांच्या पाठपुराव्याला, नाके मुरडणाऱ्यांना हे ज्ञान उशिरा आणि महाग पडते. वास्तुविशारद पी. के. दास यांच्या कामाकडे या दृष्टीने पाहावे: वांद्र्याचा समुद्रकिनारी फिरण्याचा पट्टा असो की चांदिवलीचे संघर्षनगर, रचनेइतकाच रहिवासी संघटनांशी आणि सरकारी यंत्रणेशी दीर्घकाळ संवाद तेथे लागला.

संघटनेचे म्हणाल तर एकट्याने हे काम ओढू नये. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या आजच्या देशव्यापी संस्थेचे मूळ १९१७ मध्ये जे. जे. च्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत काढलेल्या संघटनेत आहे. 'नासा' या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये लुई कान ट्रॉफीसाठी होणारे दस्तऐवजीकरण आपल्याच प्रभागातील एखाद्या वाडीचे करता येते का, हे आपल्या महाविद्यालयातल्या 'नासा'च्या युनिट सेक्रेटरीशी बोलून पाहावे. पोर्टफोलिओत या कामाला दोन पाने पुरेत, मात्र त्यांत लोकांनी नाकारलेला पर्याय आणि नाकारण्याचे कारण अवश्य द्यावे. मुलाखत घेणारा तेथेच थांबतो.

पाचवे वर्ष संपून नोकरी लागली की वेळ उरत नाही, म्हणून त्याआधीच कामाची सोपवणी करावी. मोजमापांच्या छापील प्रती, हरकतीची पोचपावती, सभेची टिपणे आणि विनियमांचा मराठी सारांश एका फाइलमध्ये लावून ती कमिटीच्या कपाटात ठेवावी, कनिष्ठ वर्गातल्या एखाद्या मुलीला आणि इमारतीतल्या दोघांना त्या नकाशावर टेप धरून मोजायला शिकवावे, आणि पुढच्या सभेत प्लॅन त्यांनाच वाचून दाखवू द्यावा.